कुत्रा दिवसभर झोपतो आणि पहाटे साडेतीनला सगळं घर उठवतो, काय करावं?

गॅलरीतली_जाई
नमस्कार मंडळी, आमच्याकडे बटाट्या नावाचा इंडी (देशी कुत्रा) आहे, वय अंदाजे चार, मागच्या पावसाळ्यात अडॉप्ट केला. कोथरूडला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, घरात मी, नवरा, सासूबाई-सासरे आणि सातवीतली मुलगी. स्वभावाने एकदम गुणी, कुणाच्या अंगावर जाणं नाही, चपला फाडणं नाही, फक्त झोपेचं गणित पार उलटं आहे. सकाळी आम्ही ऑफिसला निघालो की जो आडवा होतो तो संध्याकाळपर्यंत, मधे जेवायला आणि दारावरची बेल वाजली की भुंकायला तेवढा उठतो. रात्री अकराला आमच्यासोबत झोपतो खरा पण साडेतीनच्या आसपास फेऱ्या सुरू, फरशीवर नखांची टकटक, मग बेडपाशी येऊन नाक लावणार, मग एक बारीक कुंई, मग मोठी कुंई. खाली नेलं तर दोन मिनिटं शू करून परत वर यायला तयार, म्हणजे शूची घाई नसतेच. एवढा महागाचा डॉगी बेड आणलाय त्यावर झोपत नाही, मेन डोअरजवळच्या फरशीवर झोपतो. शिवाय झोपेत पाय हलवतो आणि कुईकुई करतो ते काय असतं? खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणतात की रात्री अर्धी सर्दीची गोळी द्या, गप झोपेल. अजून दिलेली नाही. नवऱ्याला आठवड्यातून तीनदा नाइट कॉल असतात, त्यामुळे तो जेमतेम झोपतो तेवढ्यात हा उठवतो, घरात आता यावरून भांडणं व्हायला लागलीत.

पेठेतला_पाहुणा
दुपारी एक ते चार आम्ही पण झोपतो, तेवढ्यावरून त्याला नावं ठेवू नका. 😀 बाकी उपाय सोपा आहे, रात्री गॅलरीत ठेवा आणि दार लावून घ्या. आमच्या लहानपणी वाड्यात कुत्रं अंगणातच असायचं, त्याला बेड कुणी आणला नव्हता.

तळजाई_फेरीवाला
जाईताई, आधी ती गोळी नको. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल असतं, ते कुत्र्याच्या लिव्हरला आणि रक्ताला घातक आहे, काहींत नाक मोकळं करायचं औषध असतं त्याने हृदयाचे ठोके वाढतात. आयबुप्रोफेन पण नाही. व्हेटने वजन बघून लिहून दिल्याशिवाय माणसाची कुठलीच गोळी नको, काकूंना माझ्याकडून नमस्कार सांगा.

आता झोपेचं. मोठा कुत्रा दिवसरात्र मिळून बारा-चौदा तास झोपतो आणि पिल्लू तर अठरा-वीस, त्यामुळे दिवसभर झोपतो यात गैर काही नाही. फरक असा की आपण एकदा झोपलो की सहा-सात तासांचा गठ्ठा पाडतो, त्यांचं तसं नसतं. १९९३ च्या एका अभ्यासात रात्रभर कुत्र्यांवर लक्ष ठेवलं होतं, तर सरासरी सोळा मिनिटं झोप, पाच मिनिटं जाग, परत झोप, असं आठ तासांत तेवीसेक वेळा. म्हणजे रात्री जागा होणं हे होणारच, आपल्याला ते कळत नाही कारण तो डोळे उघडून कूस बदलून परत झोपतो. तुमचा प्रश्न तो साडेतीनला जागा का होतो हा नाहीच, जागा झाल्यावर परत का झोपत नाही हा आहे. आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा घरातल्या माणसांकडे असतं.

पाय हलवणं, कुईकुई, पापण्यांखाली बुबुळं फिरणं, हे स्वप्नांच्या झोपेतलं असतं, काळजी नको. बुडापेस्टच्या विद्यापीठातले लोक कुत्र्यांच्या डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवून असल्या झोपेचे आलेख काढतात, ना भूल ना सुई, कुत्रं आपलं मालकाशेजारी झोपलेलं. त्यांना असंही दिसलंय की नवीन काही शिकवल्यावर झोप मिळाली तर ते जास्त पक्कं होतं. फक्त अशा वेळी हात लावून उठवू नका, दचकून चावू शकतो, लांबून नावाने हाक मारा. पण अंग कडक होत असेल, लाळ-शू होत असेल आणि हाक मारूनही भानावर येत नसेल तर ते स्वप्न नाही, व्हिडिओ काढा आणि डॉक्टरला दाखवा.

आता मला सांगा, उठवल्यावर तुम्ही नक्की काय करता? कोण उठतं? त्याला काय मिळतं? आणि सगळ्यात आधी घरात कोण उठतं?

गॅलरीतली_जाई
वा, एवढं सविस्तर. गोळी रद्द. उठवल्यावर मी किंवा नवरा आधी गप म्हणतो, मग ओरडतो, मग शेवटी कुणीतरी खाली नेतं. कधी फार दमलेलो असलो तर मुलगी त्याला स्वतःच्या खोलीत घेऊन जाते, तिथे तो पलंगावर झोपतो (हे मला नंतर कळतं). सगळ्यात आधी बाबा म्हणजे सासरे उठतात, त्यांचं वर्षानुवर्षं पहाटे साडेचारला उठणं, चहा, मग फिरायला. हा त्यांच्यामागे किचनमध्ये जातो, चहाबरोबरचं एक बिस्किट त्याला मिळतं, मग दोघं निवांत बसतात. तो वेळ मात्र तो अगदी शहाण्यासारखा असतो हां.

तळजाई_फेरीवाला
सापडलं की ताई! साडेचारचं बिस्किट. कुत्र्याला घड्याळ कळत नाही पण दिनक्रम आपल्यापेक्षा चांगला कळतो. रोज साडेचारला खाऊ मिळणार म्हटल्यावर तो आधीपासून वाट बघायला लागणार, साडेतीनला जाग आल्यावर घरात कुणी हाललं तर अजूनच बरं. आणि मेन डोअरजवळ का झोपतो? तिथून किचन, पॅसेज आणि लिफ्ट सगळ्यावर लक्ष राहतं. त्यात इंडी, रस्त्यावर वाढलेला, रात्री सावध राहणं अंगातच आहे. खालची गल्लीतली कुत्री दोन-तीनला भुंकतात, पाचला दुधाच्या पिशव्या आणि पेपरवाला, हा ड्युटीवर.

त्यात तुम्ही कधी ओरडता, कधी खाली नेता, कधी पलंग मिळतो. रोज मिळालं असतं तर सोडवणं सोपं होतं, पण कधी मिळतं कधी नाही अशी सवय फार चिवट होते, लॉटरीचं तिकीट घेणारा माणूस तसाच अडकतो.

बाबांचा चहा बंद करायचा नाही, ते जमणारही नाही. बिस्किट तेवढं हळूहळू पुढे ढकला, आधी पावणेपाच, चार दिवसांनी पाच, असं करत सहापर्यंत. आणि देताना बिस्किटाऐवजी त्याच्या जेवणातलेच चार दाणे, बिस्किटात साखर-मैदा सोडून काही नसतं.

लॅबची_आजी
फेरीवाल्यांना अनुमोदन, पण सवय समजायच्या आधी एकदा डॉक्टरकडे जाऊन या. अचानक रात्रीची जाग वाढली असेल तर शूचं इन्फेक्शन, पोट बिघडणं, कानाचा त्रास, जंत, त्वचेची खाज, गोचिड, यातलं काहीही असू शकतं. पुण्यात पावसाळ्यात गोचिड आणि त्यांचे ताप फार, रक्त तपासून घ्या. पाणी नेहमीपेक्षा जास्त पितोय का तेही बघा.

आमची लॅब (लॅब्रॅडोर) बारा वर्षांची आहे, तिचं रात्रीचं भटकणं वेगळ्या कारणाने होतं. म्हाताऱ्या कुत्र्यांत मेंदूचा विसराळूपणा येतो, माणसांतल्या डिमेन्शियासारखाच, दिवसरात्र उलटी होते, कोपऱ्यात तोंड करून उभी राहायची, ओळखीचं दार सापडायचं नाही. सोबत सांधेदुखी, मग एका कुशीवर फार वेळ पडवत नाही. डॉक्टरांनी दुखण्याचं औषध सुरू केलं तेव्हा निम्मा त्रास कमी झाला. मी तिच्या वाटेवर जुन्या सतरंज्या घातल्यात कारण गुळगुळीत टाइल्सवर पाय घसरतात, आणि पॅसेजमध्ये एक बारका नाइट लॅम्प. बटाट्या तरुण आहे, त्याला हे लागू नाही, पण ज्यांच्याकडे आठ-दहाच्या पुढचा कुत्रा आहे त्यांनी "म्हातारा झाला, असंच असतं" म्हणून सोडून देऊ नका.

पेठेतला_पाहुणा
सगळे गॅलरीवर गप्प का? मी चेष्टा करत नव्हतो.

तळजाई_फेरीवाला
पाहुणे, गॅलरीचं सांगतो. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत रस्त्यावरचा प्रत्येक आवाज येतो, तो रात्रभर भुंकेल आणि सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर जाईताईंचं नाव येईल. आणि नुकत्याच आलेल्या अडॉप्टेड कुत्र्याला एकटं बाहेर ठेवलं की तो सोडून दिलं की काय म्हणून घाबरतो. वाड्यातल्या अंगणात चार माणसं, गाय, शेजारी होते, तिथे एकटं कुणी नव्हतं.

ताई, बेड मेन डोअरजवळच ठेवा, त्याची निवडलेली जागा आहे ती. उन्हाळ्यात मात्र तो फरशीच पसंत करणार, एप्रिल-मेमध्ये पुण्यात पारा चाळिशीला टेकतो तेव्हा फोमच्या बेडवर कुणाला झोपावंसं वाटेल? ओलं गोणपाट पिळून त्याच्या जागेवर अंथरा, आवडलं तर बसेल, नाहीतर राहू दे. थंडी पडली की तोच बेड लागेल, मग मुटकुळं करून पडलेला दिसेल.

दिवसाचं म्हणाल तर खूप पळवू नका, फार पळवला तर तो अजून चार्ज होऊन फिरतो. टेकडीवर निवांत हुंगत फिरू द्या, वीस मिनिटं हुंगणं हे तासभर ओढत चालवण्यापेक्षा जास्त दमवतं असा माझा अनुभव आहे. संध्याकाळचं जेवण थोडं उशिरा, साडेआठ-नऊला, त्यातला काही भाग जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून द्या, शोधत बसेल. झोपायच्या आधी अकराला एक शेवटची खालची फेरी, शू झाली की शाबासकी. मग साडेतीनला उठलाच तर दिवा नाही, बोलणं नाही, डोळ्यात बघणं नाही. शूची शंका असेल तर पट्टा लावून खाली, वर येऊन सरळ आपल्या अंथरुणात.

गॅलरीतली_जाई
अहो पण बोलायचं नाही म्हणजे किती दिवस? आणि बाबांना कसं सांगू? ते म्हणतात की तो माझ्याकडे मायेने येतो, बिस्किटासाठी नाही.

तळजाई_फेरीवाला
मायेने येतोच, बिस्किट हा बोनस. 😀 त्यांनाच या कामाचे इनचार्ज करा. "बाबा, सहा वाजता तुमच्या हातूनच त्याला नाश्ता मिळेल, आधी नाही" असं म्हणा. कुत्र्याला कोण देतं हे महत्त्वाचं, किती वाजता देतं ते तुम्ही ठरवताय.

आणि पहिल्या काही रात्री आवाज वाढणार, ते गृहीत धरा. आधी एका कुईला माणूस उठायचा, आता उठत नाही म्हटल्यावर तो जोर लावून बघतो. नेमकी तिथेच सगळी घरं हरतात, चौथ्या रात्री कुणीतरी उठतं आणि तो शिकतो की इतकं रडावं लागतं. म्हणून ज्या आठवड्यात नवऱ्याचे नाइट कॉल कमी असतील आणि मुलीची परीक्षा नसेल त्या आठवड्यात सुरू करा, घरात सगळ्यांचं एकमत करूनच. मुलीच्या खोलीचं दारही ठरवा, झोपू द्यायचं असेल तर रोज द्या, नाहीतर कधीच नाही. पलंगावर झोपला म्हणून बॉस होतो वगैरे काही नसतं, फक्त मधूनमधून नको. पण रडणं वेगळं आणि पॅनिक वेगळं, जर धापा टाकतोय, लाळ गळतेय, दार ओरबाडतोय तर थांबा, ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही.

गॅलरीतली_जाई
आज जेवताना विषय काढला. बाबा म्हणाले सहाला नाश्ता मीच देईन, पण आधी माझ्या चहाला तो जवळ बसला तर हाकलायचं नाही. सासूबाई म्हणाल्या की मग बिस्किटाचा डबा माझ्याकडे. मुलीने दार बंद ठेवायचं कबूल केलंय, बघू किती दिवस. शनिवारी व्हेटकडे नेतेय, रक्त आणि शू दोन्ही. अजून एक, गणपती जवळ आले की नदीपात्राकडून ढोलांच्या सरावाचा आवाज येतो, तेव्हा हा सोफ्याखाली जातो. त्याचं काही करता येईल का की तोवर वाट बघायची?

लॅबची_आजी
वाट बघू नका, सराव गणपतीच्या एक-दोन महिने आधीच सुरू होतो. आत्ताच फोनवर ढोलाचा आवाज अगदी बारीक लावा, इतका की त्याने कानही टवकारू नयेत, आणि त्यावेळी त्याचं आवडतं काही खायला द्या. आवाज हळूहळू वाढवायचा, घाबरला की परत एक पायरी खाली. सराव चालू असेल तेव्हा संध्याकाळची फेरी लवकर उरकून आत खिडक्या लावून बसवा, पंखा फुल. सोफ्याखाली जायचं असेल तर जाऊ द्या, ओढून बाहेर काढायचं नाही.