गाळ काढला की राजापूर बंदर परत येईल म्हणे!

घाटवाट
कालपासून एक पोस्ट फिरतेय. सारांश असा: राजापूर कोकणातलं एक नंबरचं बंदर, शिवाजी महाराजांनी इंग्रजांची वखार लुटली तेव्हा पहिला फटका बसला, मग अर्जुना नदीत गाळ भरला आणि गाव मेलं. आता गाळ उपसा, धक्का बांधा, वैभव परत. खाली नुसता अंगठ्यांचा पाऊस. एकालाही काही खटकलं नाही?

वखारीचं आधी. इंग्रजांनी ती घातली १६४९ ला. १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात याच वखारीतले लोक सिद्दी जौहरच्या मदतीला दारूगोळा घेऊन गेले आणि स्वतःचं निशाण लावून गडावर तोफा डागल्या. त्याचा हिशोब १६६१ ला चुकता झाला, हेन्री रेव्हिंग्टन आणि त्याचे साथीदार कैदेत गेले. त्यानंतरही वखार पुन्हा उघडली, ती कायमची बंद झाली १६८१ ला. आणि इंग्रज गेले म्हणजे बंदर गेलं का? १७१३ ला गाव आंग्र्यांकडे आलं, १७५६ ला पेशव्यांनी आंग्र्यांकडून घेतलं. मेलेलं बंदर कोणी हिसकावून घेत नाही.

आता गाळ. इंग्रजी अमदानीचं गॅझेटिअर उघडा. अरबी गलबतं थेट येतात असं रत्नागिरी जिल्ह्यातलं हे एकमेव बंदर, असं त्यात म्हटलंय. आणि त्याच दमात लिहिलंय की मोठी गलबतं जुन्या दगडी धक्क्याच्या तीन मैलांच्या आत येऊ शकत नाहीत. म्हणजे गाळही होता आणि व्यापारही होता. खाली माल उतरवायचा, पडावात म्हणजे छोट्या होडीत भरायचा, भरतीबरोबर वर आणायचा.

गाव बसलं ते वरचा माल आटला म्हणून. अणुस्कुरा घाटातून बैलांच्या पाठीवर येणारा घाटावरचा माल हा राजापूरचा प्राण. पुण्याहून मिरजेला रेल्वे आली, १८९१ ला कोल्हापूर मिरजेला जोडलं गेलं. गूळ थेट रेल्वेच्या वाघिणीत चढत असताना तो बैलावर लादून घाट कोण उतरवणार?

खाडीकाठ
मोठं व्याख्यान झालं, पण तुमचा पुरावा तुमच्यावरच उलटतोय. तीन मैल अलीकडे माल उतरवायचा म्हणजे दोनदा हमाली, पडावाचं भाडं, वर भरतीची वाट बघणं. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत पाणी पुरेसं चढत नाही, तेव्हा भरलेला पडाव मध्येच टेकतो आणि पुढच्या भरतीपर्यंत तिथेच. माल भिजला तर तोटा व्यापाऱ्याचा. रेल्वे येण्याआधीच हा खर्च बंदराला आतून पोखरत होता.

शिवाय आगबोटी सुरू झाल्यावर त्या थांबल्या कुठे? खाडीच्या मुखाशी, जैतापूरला. पंधरा मैल आत राजापूरला एकही आली नाही. आगबोटीला खोल पाणी लागतं, पडावाला नाही. व्यापार कोल्हापूरला नंतर गेला, आधी तो खाडीतून खाली सरकला. याला गाळ नाही तर काय म्हणायचं?

सडा_कातळ
आणि १९९८ ला कोकण रेल्वे आली तेव्हा स्टेशन कुठे बांधलं? गावापासून लांब वर. महामार्गाचा नवा उंच पूलही गावाच्या डोक्यावरून जातो. गावाला टाळायची परंपरा जुनीच आहे. आता बारसूचा तेलशुद्धीकरण प्रकल्प झाला असता तर...

पूररेषा
@सडा_कातळ, इथे बारसू नको. प्रत्येक धाग्यात तेच. वेगळा धागा काढा, तिथे या भांडायला.

सडा_कातळ
का नको? गाव का बसलं यावर बोलताय ना? मग गाव कशाने उठेल हे बोललं तर लगेच मिरच्या का झोंबतात?

पूररेषा
कारण पोस्ट गाळावर आहे. आणि सगळे १६६१ नि १८९१ मध्ये रमलेत. जवाहर चौकातल्या दुकानदाराला बंदर नकोय, जुलैत दुकानात पाणी नकोय. गाळ काढायचा तो पुरासाठी. बंदर परत येवो न येवो.

चिरेबंदी
पुरासाठी म्हणा की बंदरासाठी, गाळ काढणं म्हणजे काय याचा अंदाज इथे कोणाला दिसत नाही. कागद-पेन्सिल घ्या.

तेच तीन मैल धरू, म्हणजे साधारण ४.८ किलोमीटर. पात्रात ३० मीटर रुंद आणि २ मीटर खोल चर मारायचा म्हटलं तर २ लाख ८८ हजार घनमीटर. ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. झाले एक लाखाच्या वर ब्रास. खणलेली माती फुगते, वीस-पंचवीस टक्के धरा. डंपरला चार ब्रास मानले तर तीस हजारांच्या वर खेपा. काम डिसेंबर ते मे, फार तर १८० दिवस. रोज पावणेदोनशे डंपर राजापूरच्या उतरत्या गल्ल्यांतून न्यायचे. शुभेच्छा.

आणि हे एकदाच करून भागत नाही. नदीच्या गोड्या पाण्यात तरंगत आलेली बारीक माती खाऱ्या पाण्याला भेटली की तिच्या गुठळ्या होतात आणि ती तळाला बसते. म्हणून भरतीच्या टोकाला चिखल सगळ्यात जास्त. पावसाळ्यात नदी वरून आणते. उन्हाळ्यात भरती जोरात चढते, ओहोटी संथ उतरते, त्यामुळे खालचा चिखलही वर येऊन बसतो. चर दोन्हीकडून भरतो. बंदर चालवायचं तर दरवर्षी उपसा, कायमचा.

खाडीकाठ
म्हणजे काहीच करू नका? सगळ्या जगात खाड्या उपसतात.

चिरेबंदी
उपसतात, कारण तिथे जहाजातून उतरणाऱ्या मालावर त्या उपशाचा खर्च निघतो. इथे कोणता माल उतरणार? घाटवाट तेच सांगतायत, तुम्ही ऐकत नाही.

घाटवाट
चला, एक तरी समजला.

पूररेषा
चिरेबंदी, तुमचा हिशोब बंदराचा आहे, पुराचा नाही. पुरासाठी ४.८ किलोमीटर लागत नाहीत. कोदवली नदी अर्जुनेला मिळते तिथे खरी गोम आहे. अर्जुना फुगली की कोदवलीला तोंड मिळत नाही, फुगवटा मागे येतो आणि पाणी चौकात. त्यात उधाणाची भरती असली तर बघायलाच नको. कोदवलीतला गाळ आणि संगमाखालची बेटं काढली तर फरक पडतो.

चिरेबंदी
फरक पडतो, पण क्रम चुकला नाही तर. नेहमी उलटं करतात. गावाजवळची कोदवली आधी, कारण ती लोकांना दिसते आणि फोटो चांगला येतो. कोदवलीचा तळ अर्जुनेच्या पाण्याच्या पातळीखाली नेला तर काय मिळालं? डबकं. त्यात पाणी उभं राहतं आणि पहिल्या दोन पुरांत ते पुन्हा भरतं. सुरुवात खालून. संगमाखाली अर्जुनेत पाण्याला वाट करा, मग संगम, मग कोदवलीत वर वर जा.

दुसरी खोड: पोकलेन काठावर उभा करायचा आणि हात पोचेल तेवढंच खणायचं. साध्या पोकलेनचा हात नऊ-दहा मीटर, लांब बूमचा पंधरा-अठरा. मधला उंचवटा तसाच राहतो, कडा मात्र खोल होतात. मग काठाचा पाया सुटतो आणि संरक्षक भिंत पात्रात झुकते. काठ १:२ उताराने सोडायचा, भिंतीच्या आणि पुलाच्या पायाजवळ बादली लावायची नाही. मधलं काम तराफ्यावरच्या यंत्राने किंवा ओहोटीत पात्रात भराव टाकून. आणि तो भराव मेअखेर काढायचा! तो राहिला तर तुम्ही स्वतःच बांध घातलात.

तिसरी आणि सगळ्यात वाईट: काढलेला गाळ काठावरच ढीग करून ठेवायचा. जूनच्या पहिल्या झडीत तो परत आत, बिल मात्र आधीच निघालेलं.

सडा_कातळ
मग टाकायचा कुठे? ते सांगा की.

चिरेबंदी
वरचा गोटे-वाळूचा गाळ भरावाला चालतो. भरतीच्या पट्ट्यातला काळा चिखल शेतात टाकाल तर मीठ धुऊन जाईपर्यंत भात धरत नाही. खारफुटीत टाकायला कायद्याने बंदी आहे. ओला चिखल डंपरमध्ये राहत नाही, आधी वाफे करून निथळवायचा. म्हणजे जागा दोन लागतात, एक निथळायला आणि एक कायमची. त्या ठरल्याशिवाय यंत्र उतरवूच नये.

खाडीकाठ
आणि गाळ येतो कुठून ते? डोंगर उतारावर जेसीबीने काजू-आंब्यासाठी पायऱ्या काढल्या, रस्त्यांसाठी उतार कापले, सुटी माती तशीच सोडली. वर करक गावाला अर्जुनेवर धरण झालं. पुराचा जोर वर अडला की खाली पात्र धुऊन निघत नाही. हे न थांबवता खाली उपसा म्हणजे नळ चालू ठेवून लादी पुसणं.

पूररेषा
धरणाने गाळही अडतो हो. सोयीचं तेवढं सांगू नका.

खाडीकाठ
अडतो, पण धरणाच्या वरचा. खालच्या ओढ्यांचा कोण अडवणार? त्या प्रत्येक ओढ्यावर दगडी बांध घाला, दरवर्षी मार्चमध्ये ते रिकामे करा. ट्रॅक्टरने होतं, पोकलेन लागत नाही. पण त्याचं उद्घाटन करता येत नाही ना!

घाटवाट
एक राहिलंच. पात्र खोल केलं की भरतीचं खारं पाणी आणखी वर चढतं. काठच्या विहिरी मचूळ झाल्या की हेच लोक मोर्चा काढतील.

पूररेषा
म्हणून तर मी तीन मैल म्हणत नाहीये! संगमाच्या आसपास, तेही पूर वाहून जाण्यापुरतं. आणि निळ्या रेषेच्या आत भराव घालून नवी बांधकामं झालीत ती आधी बघा. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या. निळीच्या आत बांधून वर पाण्याला शिव्या द्यायच्या.

सडा_कातळ
बाजार पिढ्यान्पिढ्या तिथेच आहे, रेषा नंतर आली. बाजार उचलून वरच्या सड्यावर, कातळाच्या माळावर नेणार का?

पूररेषा
जुन्या बाजाराबद्दल कोणी बोललं? जुनी घरं जोत्यावर आहेत. नव्या दुकानगाळ्यांची जमीन रस्त्याच्या बरोबरीने आहे. चौकात उभं राहून जोती मोजा.

खाडीकाठ
ठीक आहे. बंदर येत नाही, मान्य, व्हा खूश. १९०१ ला गावात पाच हजारांच्या वर माणसं होती, २०११ ला दहा हजारांच्या आत. म्हणजे तुमच्या रेल्वेनेही गाव मारलं नाही घाटवाटसाहेब, खुरटवलं. तेवढं तुम्हीही माना.

घाटवाट
'मेलं' हा शब्द पोस्टवाल्याचा, माझा नाही. वर वाचा.

सडा_कातळ
मग ठरलं ना? संगमापाशी गाळ काढायचा. फक्त डंपर मोजायला गावातली दोन माणसं नाक्यावर बसवा, म्हणजे घोटाळा नको.

चिरेबंदी
डंपर मोजले की घोटाळा नक्की. अर्धा भरलेला डंपरही एक खेप धरतात. काम सुरू होण्याआधी दर वीस मीटरवर पात्राचे आडवे छेद घ्या, संपल्यावर त्याच खुणांवर पुन्हा घ्या आणि दोन्हींतल्या फरकावर पैसे द्या. दुसरी मोजणी पावसाआधी झाली पाहिजे. ऑक्टोबरात केली तर ठेकेदार म्हणणार, काढला होता, पुराने परत भरला.