पेनिसिलिन देणाऱ्या बुरशीचे नाव कोणते: नोटेटम, क्रायसोजिनम की रुबेन्स?

वर्गशिक्षिका

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. मानवी कल्याणातील सूक्ष्मजीवांचा पाठ घेताना एका प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला देता येत नाही. जुन्या पुस्तकांत फ्लेमिंग यांच्या बुरशीचे नाव पेनिसिलियम नोटेटम असे असते, औद्योगिक उत्पादनाच्या तक्त्यात पेनिसिलियम क्रायसोजिनम येते आणि अलीकडच्या लेखांत तिलाच पेनिसिलियम रुबेन्स म्हटलेले आढळते. नावांची वर्षे पाहिली की गोंधळ वाढतोच, कारण क्रायसोजिनम हे नाव १९१० चे, नोटेटम १९११ चे आणि रुबेन्स १९२३ चे आहे. आधी दिलेले नाव ग्राह्य धरावे, हा नामकरणाचा नियम मी स्वतः मुलांना सांगते. मग तिघांत सर्वांत उशिरा आलेले नाव बरोबर कसे ठरले?

दुसरी शंका अशी की ही तिन्ही नावे पेनिसिलिनचा शोध लागण्यापूर्वीची आहेत. ज्यांना या बुरशीचा औषधी गुण ठाऊक नव्हता, त्या अभ्यासकांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तिच्यावर आणि तिच्या भाऊबंदांवर एवढी मेहनत का घेतली असावी? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

कवकमित्र

ताई, नियम तुम्ही शिकवता तोच आहे. मात्र तो लावण्यापूर्वी दोन्ही नावे एकाच जातीची आहेत की नाहीत, हे ठरवावे लागते. एकाच जातीला अनेक नावे मिळाली असतील, तर त्यांतले सर्वांत जुने निवडायचे. जाती वेगळ्या निघाल्या, तर प्रत्येक नाव आपापल्या जातीकडे राहते. या प्रकरणात दोन्ही गोष्टी एकापाठोपाठ घडल्या आहेत, म्हणून क्रमाने सांगतो.

सप्टेंबर १९२८ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात फ्लेमिंग यांना ती बुरशी दिसली, तेव्हा तिची ओळख पटवण्याचे काम तेथीलच कवकशास्त्रज्ञ ला टूश यांच्याकडे गेले. त्यांनी ती पेनिसिलियम रुब्रमच्या जवळची मानली आणि फ्लेमिंग यांच्या १९२९ च्या निबंधात तेच नाव छापले गेले. रुब्रम हे नावही १९०४ चे, म्हणजे याच काळातले. पुढे हॅरॉल्ड रेस्ट्रिक यांनी या बुरशीच्या रसायनांचा अभ्यास हाती घेतला, तेव्हा तिचे कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेला जिवंत नमुना, अमेरिकेत चार्ल्स थॉम यांच्याकडे गेले. थॉम हे त्या काळी या प्रजातीचे सर्वांत मोठे जाणकार होते. त्यांनी ती नोटेटम ठरवली आणि १९३२ पासून तेच नाव रूढ झाले. नोटेटमचे वर्णन स्वीडनच्या रिचर्ड वेस्टलिंग यांनी १९११ मध्ये केले होते. त्यांना ती नॉर्वेत हिसॉप नावाच्या सुगंधी झुडपाच्या कुजणाऱ्या फांद्यांवर मिळाली होती.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील पिओरिया येथील सरकारी प्रयोगशाळा अधिक पेनिसिलिन देणाऱ्या वाणाच्या शोधात होती. १९४३ मध्ये एका बुरसटलेल्या खरबुजावर तो वाण सापडला आणि त्याची नोंद क्रायसोजिनम या नावाने झाली. कारखान्यांत पुढे वापरले गेलेले अधिक उत्पादक वाण याच खरबुजावरच्या बुरशीपासून तयार झाले, म्हणून उत्पादनाच्या तक्त्यात क्रायसोजिनम आले आणि शोधाच्या कथेत नोटेटम राहिले. १९७७ मध्ये सॅमसन, हॅडलॉक आणि स्टोक यांनी या दोन्ही जाती एकच असल्याचे दाखवले. त्यामुळे १९१० चे क्रायसोजिनम हे नाव टिकले आणि १९११ चे नोटेटम त्याचे समानार्थी ठरले. तुमचा अग्रक्रमाचा नियम येथे अगदी सरळ लागू झाला.

त्यानंतर २०११ मध्ये हाउब्राकेन, फ्रिसवाड आणि सॅमसन यांनी क्रायसोजिनम म्हणून जपलेल्या अनेक वाणांची जनुके ताडून पाहिली, तेव्हा त्यांचे दोन स्पष्ट गट पडले. क्रायसोजिनम हे नाव १९१० मध्ये थॉम यांनीच दिले होते; त्यांच्या त्या वर्णनाचा आधार असलेला वाण पहिल्या गटात होता आणि वेस्टलिंग यांच्या नोटेटमचा वाणही त्याच गटात निघाला. फ्लेमिंग यांची बुरशी, पिओरियाच्या खरबुजावरची बुरशी आणि २००८ मध्ये जिचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला ती बुरशी मात्र दुसऱ्या गटात होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही गट जवळजवळ सारखे दिसतात. रसायनांत मात्र फरक आहे, कारण पहिल्या गटातील वाण सेकॅलोनिक आम्ले तयार करतात आणि दुसऱ्या गटातील वाण ती करत नाहीत. जाती दोन ठरल्यावर क्रायसोजिनम हे नाव थॉम यांच्या वाणाबरोबर पहिल्या गटाकडे राहिले. दुसऱ्या गटासाठी बेल्जियमच्या फिलिबेर ब्यूर्ज यांनी १९२३ मध्ये दिलेले रुबेन्स हे नाव उपलब्ध होते, आणि तेच त्याला मिळाले.

ला टूश यांच्या चुकीचा उल्लेख अनेक ठिकाणी थोड्या तुच्छतेने केला जातो. मला तो अन्याय वाटतो. आजच्या दृष्टीने पाहिले तर खुद्द थॉम यांनी दिलेले नावही फ्लेमिंग यांच्या बुरशीला लागू पडत नाही.

प्रयोगशाळेतून

कवकमित्रांनी नावांचा प्रवास सांगितला आहे. मी दुसऱ्या शंकेविषयी लिहिते, कारण त्या पिढीचे काम मला फार मोलाचे वाटते.

एकोणिसाव्या शतकात भाकरीवर, चामड्यावर किंवा फळांवर दिसणारी जवळजवळ कोणतीही हिरवट बुरशी पेनिसिलियम ग्लॉकम या एकाच नावाखाली नोंदली जात असे. त्यामुळे एखाद्या शास्त्रज्ञाने ग्लॉकमपासून एखादा पदार्थ मिळवला, तरी दुसऱ्याला तीच बुरशी पुन्हा मिळेल याची काहीच खात्री नसे. इटलीतील गोझिओ यांनी १८९३ मध्ये खराब मक्यावरील बुरशीपासून एक स्फटिकरूप आम्ल वेगळे केले आणि त्या बुरशीचेही नाव ग्लॉकम असेच दिले. आज तो पदार्थ मायकोफिनॉलिक आम्ल म्हणून ओळखला जातो आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर रुग्णांना त्यावर आधारित औषध दिले जाते. १९१३ मध्ये अल्सबर्ग आणि ब्लॅक यांनी त्याच पदार्थावर काम केले, तेव्हा त्यांच्या हातातल्या बुरशीला स्टोलोनिफेरम हे थॉम यांनी १९१० मध्ये दिलेले निश्चित नाव होते. वीस वर्षांत पडलेला हा फरक नामकरण करणाऱ्यांनी घडवला होता.

चार्ल्स थॉम यांची सुरुवात चीजपासून झाली. १९०४ मध्ये ते अमेरिकेतील कनेटिकट राज्यात स्टॉर्स येथील कृषी संशोधन केंद्रात गेले. युरोपीय पद्धतीचे चीज अमेरिकेत तयार करता यावे, हा त्या कामाचा हेतू होता, आणि त्यासाठी चीज पिकवणाऱ्या बुरश्या नेमक्या ओळखणे आवश्यक होते. १९०६ मध्ये त्यांनी कॅमेम्बर्टी आणि रॉकफोर्टी या जातींना नावे दिली. आजही त्या चीजच्या पाकिटावर किंवा माहितीपत्रकात हीच नावे दिसतात. त्यांनी पुढे आपली पद्धत विस्तारली आणि १९१० च्या अहवालात अनेक जाती एकाच प्रकारच्या माध्यमावर, सारख्याच परिस्थितीत वाढवून शेजारी शेजारी ठेवून तपासल्या. वसाहतीचा रंग, तिच्या मागच्या बाजूचा रंग, माध्यमात उतरणारे रंगद्रव्य, वास, बीजाणूंचे आकारमान आणि जिलेटिन विरघळवण्याची क्षमता यांची नोंद प्रत्येक जातीसाठी झाली. आपल्या महाविद्यालयांत आजही वापरले जाणारे झापेक-डॉक्स आगर हे याच वातावरणातून आलेले माध्यम आहे, कारण त्याच्या नावातील डॉक्स हे स्टॉर्स येथे पेनिसिलियमच्या विकरांवर काम करणारे रसायनशास्त्रज्ञ होते.

युरोपात हे काम वेगळ्या वाटेने चालले होते. बेल्जियममध्ये डिर्क्स या जेझुइट धर्मगुरूंनी १९०१ मध्ये अनेक नव्या जाती अगदी थोडक्या शब्दांत प्रसिद्ध केल्या. ग्रिझियोफुल्वम आणि ब्रेव्हिकॉम्पॅक्टम या त्यांतल्याच होत. लूव्हाँ येथे ब्यूर्ज यांनी त्यांचे काम पुढे नेले आणि १९२३ मध्ये रंगीत चित्रांसह मोठा ग्रंथ सिद्ध केला, त्यात रुबेन्सचे वर्णन आले. डिर्क्स आणि ब्यूर्ज फ्रेंचमध्ये लिहीत होते, थॉम इंग्रजीत आणि वेस्टलिंग जर्मनमध्ये. कवकाच्या नव्या नावासोबत लॅटिन वर्णन देण्याची सक्ती १ जानेवारी १९३५ पासून आली आणि नाव ज्या नमुन्याशी कायमचे बांधले जाते तो मूळ नमुना निर्दिष्ट करण्याची सक्ती १ जानेवारी १९५८ पासून आली. त्याआधीच्या नावांना असा आधार नसल्यामुळे एकाच बुरशीला वेगवेगळ्या शहरांत वेगवेगळी नावे मिळणे स्वाभाविक होते.

त्यांच्या मेहनतीचे फळ नंतरच्या पिढ्यांना मिळाले. १९३९ मध्ये ऑक्सफर्ड, रेस्ट्रिक आणि सिमोनार या रसायनशास्त्रज्ञांनी ग्रिझियोफुल्वमपासून ग्रिझियोफुल्विन वेगळे केले, ज्याच्या गोळ्या गजकर्ण आणि नायट्यासाठी आपल्याकडेही वर्षानुवर्षे दिल्या गेल्या. थॉम यांनी १९१० मध्ये नाव दिलेल्या सिट्रिनमपासून जपानमध्ये अकिरा एंडो यांना १९७० च्या दशकात कॉम्पॅक्टिन मिळाले, आणि रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन औषधांची सुरुवात तेथून झाली.

वर्गशिक्षिका

दोघांचेही मनःपूर्वक आभार. अग्रक्रमाचा मुद्दा आता पूर्ण उलगडला. तरी दोन गोष्टी विचारते. मूळ नमुना निर्दिष्टच झालेला नसेल, तर १९१० मधल्या वर्णनाची तुलना २०११ मध्ये जनुकांशी कशी करता आली? आणि मुले लिंबावरची हिरवी बुरशी घेऊन येतात आणि तिलाच पेनिसिलिनची बुरशी म्हणतात, ते कितपत बरोबर आहे?

कवकमित्र

पहिल्या प्रश्नाचे उत्तर जपून ठेवलेल्या जिवंत कल्चरांत आहे. थॉम, वेस्टलिंग आणि ब्यूर्ज यांनी वर्णने तर लिहिलीच, पण आपल्या बुरश्या वाढवत ठेवल्या आणि एकमेकांना पाठवल्या. थॉम यांच्या संग्रहातील वाण पुढे पिओरियाच्या संग्रहात गेले. नेदरलँड्समध्ये १९०४ मध्ये बुरश्यांच्या कल्चरांचा मध्यवर्ती संग्रह सुरू झाला आणि १९०७ पासून योहाना वेस्टरडाइक यांनी तो अनेक दशके सांभाळला. उत्रेख्त येथील ती संस्था २०१७ पासून त्यांच्याच नावाने ओळखली जाते. अशा संग्रहांतील वाण नंतरच्या अभ्यासकांनी त्या त्या नावांचे आधार म्हणून औपचारिकपणे निश्चित केले. नियमानुसार वाढत असलेले कल्चर मूळ नमुना होऊ शकत नाही, म्हणून ते वाळवून किंवा गोठवून, म्हणजे त्याची जीवनक्रिया थांबवून ठेवावे लागते. जुन्या वर्णनातला रंग शब्दांत कितीही नेमका लिहिलेला असला, तरी त्यावरून या दोन जाती वेगळ्या करता आल्या नसत्या. वाण जिवंत राहिले म्हणूनच त्यांची जनुके वाचता आली.

अग्रक्रमाचा नियमही आंधळेपणाने राबवला जात नाही. डिर्क्स यांच्या १९०१ च्या काही नावांखालील बुरश्या क्रायसोजिनमच्याच ठरत होत्या, त्यामुळे उद्योगात सर्वत्र रुळलेले नाव बाजूला पडण्याची वेळ आली होती. तेव्हा १९९२ मध्ये क्रायसोजिनम हे नाव जपावे, असा प्रस्ताव मांडला गेला आणि ते आजही वापरात आहे. माझ्या मते तो निर्णय योग्य होता.

प्रयोगशाळेतून

संग्रहांचा विषय निघाला आहे, म्हणून ताईंना एक सुचवते. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत राष्ट्रीय कवक कल्चर संग्रह आहे आणि तेथेच कवकशास्त्रज्ञ आजरेकर यांच्या नावाचा वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रहही आहे. मुलांना प्रत्यक्ष काही दाखवायचे असेल, तर परवानगीसाठी संस्थेला आधी पत्र लिहावे. पेनिसिलिनच्या धड्याला जवळचा संदर्भ हवा असेल, तर पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखानाही आहे. १९५४ मध्ये तो जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने स्थापन झाला.

लिंबाविषयी सांगायचे तर मुलांचे म्हणणे बरोबर नाही. लिंबूवर्गीय फळांवर हिरवी बुरशी आली तर ती बहुधा पेनिसिलियम डिजिटॅटम असते आणि निळसर आली तर पेनिसिलियम इटॅलिकम असते. ही दोन्ही नावे एकोणिसाव्या शतकातली आहेत आणि कारखान्यात वापरली जाणारी बुरशी त्यांच्याहून वेगळी आहे. फळांवर, भाकरीवर किंवा भिंतीवर वाढलेल्या बुरशीची जात नुसत्या डोळ्यांनी ठरवू नये. बाटलीवर केवळ "पेनिसिलियम, जात निश्चित केलेली नाही" असे लिहून खाली जागा, बुरशी कशावर वाढली ते आणि तारीख नोंदवावी. झाकण वर्गात उघडू नये, कारण दमा असलेल्या मुलांना बीजाणूंचा त्रास होतो.

परीक्षेत मात्र पाठ्यपुस्तकातले नाव लिहायला सांगावे, कारण उत्तरपत्रिका त्यानुसार तपासली जाते. फ्लेमिंग यांच्या बुरशीविषयी प्रयोगवहीत "पेनिसिलियम रुबेन्स, ब्यूर्ज १९२३, पूर्वी नोटेटम आणि नंतर क्रायसोजिनम या नावांनी नोंद" अशी ओळ लिहून घेतली, तर पुस्तकातली जुनी नावे आणि आजचे नाव यांचा संबंध मुलांना एका जागी सापडेल.