जुना टर्नटेबल घ्यायचा म्हणालोय, ८ हजारात कुठला बघू?

वडगावचा_भोंगा
नमस्कार मंडळी. माळ्यावरची वडिलांची ट्रंक परवा खाली काढली तर आत चाळीसेक रेकॉर्ड निघाल्या, नाट्यसंगीत, भजनं, थोडं कन्नड आणि कुमार गंधर्वांची लांब वाजणारी एक एलपी रेकॉर्ड (बेळगावजवळच्या सुळेभावीचे म्हणजे आपलेच की ओ). घरात अँप आणि दोन स्पीकर आहेत, नुसता टर्नटेबल पाहिजे. बजेट ८ हजार, ओढूनताणून ९. दोन बघून ठेवलोय. कोल्हापुरात एचएमव्हीचा सुटकेसवाला, पेटीतच स्पीकर, ६ हजार सांगालाय. दुसरा मडगावात, जपानी, दिसायला एकदम झकास, ९ हजार, "पट्टा तेवढा बदला, बाकी ओके" म्हणालाय. कुठला घेऊ?

निपाणीचा_सोल्डर
"पट्टा तेवढा बदला" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, थाळी फिरवणारा पट्टा काय सोन्याचा असतोय काय, त्यानंच घालून वाजवून दाखवला असता की. मडगावच्या मशीनची मागची प्लेट आधी वाचा. जपानात लाईट १०० व्होल्ट, म्हणजे स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लागणार, ते एक असू दे, पण तिकडं अर्ध्या देशात ५० हर्ट्झ आणि अर्ध्यात ६०. मोटर साधी एसी सिंक्रोनस, म्हणजे लाईटच्या हर्ट्झवर फिरणारी असली आणि तिच्यावरची पट्ट्याची पुली ६० हर्ट्झची असली तर आपल्याकडं ५० वर मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड २८ च्या आसपास फिरणार. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतोय, हर्ट्झ नाही. काळी पाचात गाणारी बाई पांढरी पाचात उतरती, आणि माणूस म्हणतोय रेकॉर्ड खराब आहे! डीसी मोटर किंवा डायरेक्ट ड्राइव्ह (थाळी थेट मोटरवरच) असला तर हे लफडं नाही.

आणि अँपच्या मागं "फोनो" लिहिलंय काय बघा. नसलं तर फोनो प्रीअँप वेगळा घ्यावा लागणार, त्याचे पैसे ८ हजारातच धरा. चुंबकवाल्या कार्ट्रिजमधनं (सुई बसती ती डबी) जेमतेम ५ मिलिव्होल्ट येतंय, त्यात रेकॉर्ड कापतानाच खर्ज दाबलेला असतोय, तो प्रीअँप परत उचलतोय. थेट अँपच्या साध्या ऑक्स इनपुटमध्ये घातलात तर पत्र्यावर पाऊस पडल्यासारखं ऐकू येणार.

शहापूरची_अक्का
सगळे मशीनवर बोलालेत, रेकॉर्ड कसल्या आहेत कुणी विचारलंच नाही. लेबलवर ७८, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्या, लिहिलंय काय? हाताला जड आणि पडली की कपासारखी फुटणारी असली तर ती लाखेची. तिची खाच रुंद, एलपीची बारीक सुई तिच्या तळात घासत जाती, नुसती खरखर. तिला ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागती, आणि बऱ्याच टर्नटेबलांना ७८ चा स्पीडच नसतोय. त्या सुटकेसवाल्यात उलटी करायची सुई असली, एक बाजू एलपीची आणि एक ७८ ची, तर तो तुमच्या कामाचा. पण त्याची सुई लई जड बसती, कुमारजींची एलपी त्यावर लावू नका.
आणि हो, लाखेच्या रेकॉर्डला स्पिरिट लावू नका, लाख विरघळती. माझी एक गेली तशी, अजून जीव हळहळतोय.

खानापूर_पाऊस
एलपीवर बुरशी असणारच, आपल्याकडचा पावसाळा आहे तो. डिस्टिल्ड पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, मऊ कापड, लेबल कोरडं ठेवायचं. मशीन बघायला जाताना स्वतःची एक रेकॉर्ड घेऊन जावा, दुकानदाराची नको. सुईचा आर्म बोटानं हलवून बघा, कुठं अडकायला नको. सुई भिंगातनं बघा, आणि त्या कार्ट्रिजची सुई आज मिळती काय ते विचारल्याशिवाय खिशात हात घालू नका.

वडगावचा_भोंगा
अक्का, मोजलो. ४१ पैकी २९ वर ७८ लिहिलंय! मी आपला जपान्याच्या मागं लागलोतो. मडगाववाल्याला प्लेटचा फोटो मागितलो तर "लाईट लागतीय, बल्ब लागतोय, मग काय पाहिजे" म्हणाला, सोडून दिलो त्याला. रविवारी कोल्हापूरला जाणार, एक ७८ पंच्यात गुंडाळून घेतोय. एलपीचं पुढं बघू. ३ मिलची सुई नवीन कुठं मिळती काय ओ सोल्डरभाऊ?

निपाणीचा_सोल्डर
आधी त्यातल्या कार्ट्रिजचा नंबर आणा, मग सांगतो. येताना निपाणीत उतरा, मशीन घेतलात तर उघडून बघू. आतल्या रबराच्या चाकाला खड्डा पडला असणार, पैज लावतो.