हनिमूनला लांबच्या रेल्वेनं जायलोत, सल्ला द्या (बजेट ३० हजार)

पूर्णा_जंक्शन
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात लग्न आहे परभणीत. सत्यनारायण, तुळजापूर, जागरण-गोंधळ सगळं उरकून महिन्याच्या शेवटी कुठंतरी जायचं म्हणायलोत. विमान नको, दोघांनाही रेल्वेच पाहिजे, तीपण लांबची, एक रात्र तरी गाडीत निघाली पाहिजे. तिचं माहेर जिंतूरचं, तिथं रेल्वेच नाही, लांबच्या गाडीत ती अजून बसलेलीच नाही. बजेट दोघांचं मिळून, जाऊन येऊन, राहून खाऊन ३० हजार. त्याच्यावर एक रुपया नाही कारण मांडववाला आणि केटरर दोघांनी मिळून मला झोपवलंय. डोक्यात दोन पर्याय, एक म्हणजे सचखंड एक्सप्रेसनं अमृतसर, दुसरा मुंबईवरनं कोकण रेल्वेनं केरळ. डबा कोणता घ्यावा, प्रायव्हसीचं काय आणि तिकीट कधी काढावं एवढंच सांगा. मनाली सांगू नका प्लीज.

जालना_स्टील
मनाली का नको पण?? आम्ही गेलतो, पुण्याहून चंदीगड विमान, पुढं व्होल्वो, हॉटेलात कँडल लाइट डिनर, बेडवर फुलांचा बदाम, सगळं पॅकेजमधी. ८५ हजारात बसलं. हनिमून एकदाच असतो भाऊ, कंजुषी करू नका.

पूर्णा_जंक्शन
दादा, ३० हजार.

जालना_स्टील
हो ते वाचलं, ईएमआय होतंय आता पॅकेजचं.

रुळावरचा_माणूस
मुद्द्याचं बोलतो. फर्स्ट एसीत चार बर्थची केबिन असते आणि दोन बर्थचं कुपे असतं. कुपेला आतून कडी, स्वतःचं दार. पण तिकीट काढताना कुपे नक्की मिळत नाही, पसंती टाकता येते फक्त, खरं काय ते चार्ट (गाडी सुटायच्या आधीची बर्थची शेवटची यादी) लागल्यावर कळतं. आणि फर्स्ट एसीला तत्काळ नसतंय हे लक्षात ठेवा. बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं, १ नोव्हेंबर २०२४ पासून. त्याआधी १२० दिवस होतं, जुने लोक अजून चार महिने आधी सांगतात ते ऐकू नका. सकाळी ८ ला उघडतं, आयआरसीटीसीच्या खात्याला आधार जोडून घ्या आत्ताच, त्या दिवशी सकाळी ओटीपीची वाट बघत बसलात की नाताळच्या गर्दीत वेटिंगला गेलात समजा.

दगडी_पूल
लांबची रेल्वेच करायची तर डेक्कन ओडिसी करा की. संभाजीनगरला येते, वेरूळ अजिंठा दाखवते, शाही थाट, आत स्पा.

लातूर_पॅटर्न
@दगडी_पूल तिचं भाडं लाखात आहे, आणि परभणीच्या माणसानं वेरूळ बघायला हनिमूनला जायचं होय?

दगडी_पूल
मी फक्त पर्याय सांगितला.

शेवग्याची_शेंग
मी अनुभवाचं सांगते. आमचं तिकीट आरएसीच राहिलं. आरएसी म्हणजे साइड लोअरच्या एका बर्थवर दोघांनी बसून जायचं. रात्रभर ह्यांचे पाय माझ्या पोटात आणि माझे ह्यांच्या. समोर जळगावच्या एक काकू होत्या, माझ्या हातावरची मेंदी बघून म्हणल्या, नवीनच का गं? मग त्यांनी सगळ्या डब्याला सांगितलं, पलीकडच्या आजोबांनी आशीर्वाद म्हणून पेढा दिला, आणि एक पोरगं आमच्या दोघांच्या मधी येऊन बसलं ते भुसावळपर्यंत उठलंच नाही. त्यामुळं कन्फर्म नसेल तर जाऊ नका, एजंटानं कितीही "होऊन जाईल ताई" म्हणलं तरी.

लातूर_पॅटर्न
कन्फर्मचं तर बोलूच नका. आमची लातूर-मुंबई २०१७ ला बिदरपर्यंत नेली, तेव्हापासून लातूरच्या माणसाला

रुळावरचा_माणूस
@लातूर_पॅटर्न इथं ते नको ना. त्याचा वेगळा धागा आहे, त्यात तुम्हीच सगळ्यात जास्त लिहिलंय.

लातूर_पॅटर्न
बरं. पण अन्याय तो अन्याय.

कुरड्या_पापड्या
आधी कुलदैवत करा. तुळजापूर झालं म्हणता, माहूर राहिलं का? आमच्यात माहूर केल्याशिवाय पोरं गाव सोडत नाहीत. आणि गाडीतलं खाऊ नका काही. दशम्या, धपाटे दोन दिवस चांगले राहतात, दुधात पीठ मळलं की दशमी मऊ राहते. शेंगदाण्याची चटणी कोरडी घ्या, तेलाची घेतली तर बॅग नासते. ठेचा काचेच्या बरणीत नको.

जालना_स्टील
हनिमूनला धपाटे 😂

कुरड्या_पापड्या
मग काय उपाशी जायचं का बर्फ खात?

गोदाकाठ
केरळला मत. देवगिरी एक्सप्रेसनं ठाण्याला सकाळी उतरा, कुर्ला टर्मिनसला जायची गरज नाही, केरळची नेत्रावती एक्सप्रेस ठाण्यालाच पकडा. मधी बराच वेळ मिळतो, देवगिरी लेट झाली तरी हुकत नाही सहसा. नेत्रावती दुपारची असल्यामुळं रत्नागिरीपर्यंतचा भाग उजेडात दिसतो. तिथं पानवलचा पूल आहे, ६४ मीटर उंच, गाडी वरून जाताना खाली नारळाची झाडं कोथिंबिरीएवढी दिसतात. समुद्र तर असा डोळ्यासमोर!

रुळावरचा_माणूस
@गोदाकाठ समुद्र कुठं दिसला तुम्हाला? कोकण रेल्वेतून समुद्र फारसा दिसतच नाही. खाड्या, नद्या, भातखाचरं आणि बोगदे. एकटा करबुड्याचा बोगदाच साडेसहा किलोमीटरचा आहे. आणि डिसेंबरात ते हिरवंगार पण नसतं, धबधबे पावसाळ्यात.

गोदाकाठ
मग पावसाळ्यात जावं.

रुळावरचा_माणूस
लग्न डिसेंबरात आहे हो त्यांचं.

गोदाकाठ
आणि केरळात उतरल्यावर हाउसबोट घ्याच, नाहीतर गेल्याचा उपयोग नाही. नाताळ ते नवीन वर्ष हाउसबोटीचे भाव विचारू नका मात्र. तेवढी एक रात्रच तुमचं निम्मं बजेट खाईल.

पूर्णा_जंक्शन
म्हणजे घ्याच म्हणता आणि घेऊ नका पण म्हणता.

शीख_गल्ली_नांदेड
सचखंडबद्दल कोणी नीट लिहिनाच म्हणून लिहितो. नांदेडचा हुजूर साहिब आणि अमृतसरचा अकाल तख्त, दोन तख्तांना (शिखांच्या मुख्य धर्मपीठांना) जोडणारी गाडी आहे ती. परभणीला सकाळी चढा, दुसऱ्या दिवशी रात्री अमृतसर. वाटेत काही स्टेशनांवर सेवेकरी लोक फुकट लंगर देतात, कढी-भात, डाळ, छोले, भाजी, जे असेल ते. गाडी थांबली की बादल्या घेऊन डब्याशी येतात. पण भांडं तुमचं पाहिजे. माहीतगार लोक घरूनच डबा, ताट घेऊन बसतात, नवखा माणूस बिस्किटाच्या पुड्याच्या कागदात कढी घ्यायला बघतो. एसीवाला असो की जनरलवाला, सगळे ताट पुढं करतात. अमृतसरला गुरुद्वाऱ्याच्या सरायमध्ये राहिलात तर राहण्याचा खर्च नावालाच, लंगर तर चोवीस तास.

रुळावरचा_माणूस
गाडी चांगली, वेळ वाईट. डिसेंबर अखेर ते जानेवारी उत्तरेत धुकं असतं. दिल्लीच्या पुढं गाड्या रांगत जातात, काही तर रेल्वे आधीच रद्द करून टाकते त्या सीझनला. जाताना लेट झाली तर हरकत नाही, पण परतीची अमृतसरहून पहाटेची असते. थंडीत चार-पाच डिग्रीत प्लॅटफॉर्मवर बसावं लागेल. जिथनं चढायचंय तिथं गाडी तीन तासांपेक्षा जास्त लेट असली आणि तुम्ही गेलाच नाहीत तर टीडीआर (तिकिटाचे पैसे परत मागायचा अर्ज) भरून पूर्ण पैसे मिळतात, पण तो गाडी तिथनं सुटायच्या आत भरायचा. हनिमूनहून परत येताना टीडीआर भरण्यात काय मजा नाही.

शेवग्याची_शेंग
धुक्याचं खरंय, माझ्या नणंदेची गाडी मथुरेच्या अलीकडं उभीच. केरळच करा.

दगडी_पूल
केरळ.

जालना_स्टील
केरळ नाहीतर मनाली.

रुळावरचा_माणूस
उत्तरेलाच जायचं असेल तर एप्रिलपर्यंत थांबा आणि सचखंडनं अंबाल्याला उतरून कालका-शिमला करा. ९६ किलोमीटरची छोटी गाडी, १९०३ ची, १०२ बोगदे, २००८ पासून जागतिक वारसा. मी केलेली आहे, खिडकीतून हात काढला की देवदाराचं पान लागतं.

पूर्णा_जंक्शन
दादा एप्रिलपर्यंत थांबलो तर आमच्या सोबत आमचे आईवडील, मामा आणि दोन करवल्या येतील. आता सुट्टीचा जमेल तोच मुहूर्त.
प्रायव्हसीचं सांगा ना कोणीतरी. फर्स्ट बजेटात बसत नाही.

रुळावरचा_माणूस
मग २ एसी घ्या आणि साइडचे दोन बर्थ मागा, एकाला साइड लोअर, एकाला साइड अप्पर अशी पसंती टाका. दर सहातले ५ आणि ६ नंबर. लोक साइडला नाकं मुरडतात, पण जोडप्याला त्याच्यासारखं नाही. दिवसा खालच्या बर्थच्या दोन खुर्च्या होतात, समोरासमोर, मधी फक्त खिडकी, तिसरा माणूस नाही. रात्री पडदे. २ एसीत पडदे असतात, ३ एसीत नसतात. आतल्या बाजूचे चार बर्थ घेतले की समोर अनोळखी दोघं येणारच आणि ते शेवग्याच्या शेंगताईंच्या काकू निघाल्या तर संपलं.

शेवग्याची_शेंग
काकू चांगल्या होत्या हो. अजून मेसेज येतो त्यांचा.

बांधावरची_बोर
एक कोणीच सांगितलं नाही. तिकिटावर वहिनींचं नाव आधारवर आहे तेच टाका, माहेरचं. लग्नानंतरचं नाव टाकायची हौस करू नका. टीसीनं ओळखपत्र मागितलं की नाव जुळलं पाहिजे. हॉटेलात पण तेच आधार दाखवायचं. आमच्या ओळखीतल्या एकानं प्रेमानं नवीन नाव टाकलं आणि रात्री दीड वाजता टीसीला लग्नाची पत्रिका दाखवत होता.

लातूर_पॅटर्न
टीसीनं पत्रिका बघून काय म्हणलं?

बांधावरची_बोर
जेवणात काय होतं विचारलं.

पूर्णा_जंक्शन
सगळ्यांचे आभार. तिला धागा दाखवला. तिनं फक्त लंगरचं वाचलं आणि म्हणाली हेच. धुकं सांगितलं तर म्हणाली गाडीत जास्त वेळ बसायला मिळंल की. त्यामुळं सचखंडच, जाताना २ एसी साइडचे दोन, येताना ३ एसी, म्हणजे राहायला आणि स्वेटरला पैसे उरतात. नाव माहेरचंच टाकतो. आधार जोडलं. परतीच्या पुढचा एक दिवस सुट्टी जास्त टाकली आहे. आईनं स्टीलचे दोन डबे काढून ठेवले आहेत आत्ताच.

रुळावरचा_माणूस
एवढं सगळं सांगून शेवटी धुक्यातच जायलाव. जा. बुकिंगच्या दिवशी साडेसातलाच लॉगिन करून बसा.

गोदाकाठ
केरळ पुढच्या वर्षी कराच. हाउसबोट घ्या.

कुरड्या_पापड्या
दोन डबे पुरत नसतात बाळा, कढीला झाकणवाला वेगळा घे. आणि माहूरचं सांगितलं नाहीस.

मोंढा_नाका
आत्ताच धागा बघितला, सगळं वाचलं नाही. फर्स्ट एसीत दोघांसाठी कुपे म्हणून असतंय, बऱ्याच जणांना माहीत नसतं, ते बघा मिळतंय का. आणि मनाली मस्त आहे डिसेंबरात.