विषय: बाबांच्या रक्तपेशी कमी होतायत, कुणाला अनुभव?

नमस्कार मंडळी,
आईबाबा मेपासून आमच्याकडे आहेत. बाबांना जिना चढताना दम लागतो, दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं. हिमोग्लोबिन 7.8, प्लेटलेट 38 हजार, पांढऱ्या पेशीही कमी. लोहाच्या गोळ्यांनी फरक नाही. आता बोन मॅरो, म्हणजे हाडातली रक्तपेशी बनवणारी मज्जा, काढून तपासायचं म्हणतायत. आई फार घाबरलीय. यातून कुणी गेलंय का?
निखिल

निखिल,
मी रक्तविकारांच्या लॅबमध्ये काम करते. तपासणी नक्की करून घ्या. कमरेच्या हाडावरची जागा बधिर करतात, मज्जा ओढताना काही सेकंद जोराची कळ येते. तिन्ही पेशी एकदम उतरल्या की मॅरो बघावाच लागतो.
बाबा काय काम करायचे?
वैशाली

वैशालीताई,
धारावीत, चामड्याच्या बॅगांच्या कारखान्यात, तीसेक वर्षं. मी डबा द्यायला जायचो तेव्हा सोल्यूशनचा, म्हणजे चामडं चिकटवायच्या गोंदाचा, डबा उघडाच असायचा. बाबा ब्रशने लावायचे आणि बोटांना चिकटलेलं थिनरच्या फडक्याने पुसायचे. खिडकी एकच. इथल्या फॉर्मवर व्यवसायापुढे ‘निवृत्त’ एवढंच आहे.
निखिल

निखिल,
हे आजच डॉक्टरांना कळव! अशा सोल्यूशनमध्ये, थिनरमध्ये बेन्झिन हे विषारी रसायन असू शकतं. इस्तंबूलच्या चपला-बूट बनवणाऱ्या कामगारांमध्ये हेच दिसलं होतं. बेन्झिनवाला गोंद, कोंदट खोल्या, आणि मग अप्लास्टिक अॅनिमिया (मज्जेत रक्तपेशी पुरेशा न बनणं), ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग). तिथले रक्तविकारतज्ज्ञ डॉ. मुझफ्फर अक्सोय यांनी 1970च्या दशकात ते जगापुढे मांडलं. बेन्झिन यकृतात मोडतं, त्यातून बनणारी द्रव्यं मज्जेतल्या मूळ पेशींना इजा करतात. मग मज्जा ओस पडते, किंवा सदोष पेशी बनवत राहते. त्या दुसऱ्या प्रकाराला एमडीएस म्हणतात. काम सुटून कित्येक वर्षं झाल्यावरही हे होऊ शकतं. अमेरिकेत 1987 पासून कामाच्या हवेत आठ तासांच्या सरासरीने दहा लाखांत एक भाग, एवढीच मुभा आहे. एका खिडकीच्या खोलीत कोण मोजणार होतं?
एमडीएस उतारवयात एरवीही होतो, बी-12 कमी असलं तरी रक्त असं दिसू शकतं. त्यामुळे दोष बेन्झिनचाच, असं मी म्हणत नाही. पण क्रोमोसोमची तपासणी होतेय ना, विचार. 5 आणि 7 नंबरचे बिघाड अशा संपर्कानंतर बरेचदा दिसतात आणि उपचार ठरवताना त्याचा फरक पडतो.
तोवर अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नकोस. ताप 100.4च्या वर गेला तर सकाळची वाट न बघता थेट इमर्जन्सीत. मॅरो ट्रान्सप्लान्टची वेळ आलीच तर दाता म्हणून बाबांची भावंडं आधी तपासतील, आणि मुलगा म्हणून तू निम्मा जुळतोसच, तेही आता चालतं.
वैशाली

निखिल, तपासणीच्या दिवशी मी गाडी घेऊन येतो. आईंना आमच्याकडे सोड, ही घरीच आहे. आणि बाबांबरोबर कामाला असलेल्यांपैकी कुणाचा फोन असेल तर लाव. त्यांनीही एकदा सीबीसी (रक्तपेशी मोजायची तपासणी) करून घ्यायला हवं.
प्रमोदकाका