पद्मिनीच्या इंजिनाची फाउंडेशन रबरे: नवी घ्यावीत की जुन्या प्लेटांवर रबर चढवून घ्यावे?

सातारकर_पद्मिनी:

नमस्कार. आमच्या घरी वडिलांनी १९७९ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी आहे आणि आठवड्यातून एकदा तरी मी ती चालवतो. गेल्या दोन-तीन महिन्यांपासून गाडी जागेवर चालू ठेवली की इंजिन इतके थरथरते, की स्टिअरिंगखालचा गिअरदांडा धरलेल्या हाताला मुंग्या येतात. खंबाटकीच्या चढावर दुसरा गिअर टाकून क्लच सोडताना खालून ‘धप्प’ असा आवाज येतो, आणि रिव्हर्स घेतानाही तोच आवाज येतो. परवा बॉनेट उघडून पाहिले, तेव्हा रेडिएटरच्या जाळीवर पंख्याच्या पात्याने घासून उमटलेली चकचकीत, कमानीसारखी रेघ दिसली आणि मी गाडी चालवणे थांबवले.

एका मेस्त्रींचे म्हणणे आहे की इंजिन उतरवून बोअरिंग (झिजलेले सिलिंडर आतून कातून घेणे) करावे लागेल, तर दुसरे म्हणतात की फक्त फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यांवर टेकते ती लोखंडी प्लेटांमधली रबरे, गेली आहेत. नेमके कोणाचे ऐकावे? आणि फाउंडेशनच बदलायची झाली, तर बाजारात मिळणारी नवी घ्यावीत, जुन्या प्लेटांवर रबर चढवून घ्यावे, की पॉलियुरेथेनची करून घ्यावीत?

घाटमाथा:

रबराला हात लावण्यापूर्वी इंजिन मिस मारत नाही ना, एवढे पाहून घ्यावे. चारपैकी एक सिलिंडर नीट पेटत नसेल, तर नव्या फाउंडेशनवरही गाडी थरथरणारच. प्लग, पॉइंटमधील फट आणि टॅपेट तपासायला एक सकाळ पुरते. बोअरिंगचा निर्णय तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजल्याशिवाय घेऊच नये, कारण गेज लावून आकडा न दाखवता इंजिन उतरवायला सांगणारा मेस्त्री अंदाजाने बोलत असतो.

जुना_फिटर:

आपण दिलेल्या लक्षणांवरून फाउंडेशनवरच माझा संशय आहे. पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन आणि त्याला जोडलेला गिअरबॉक्स हे सगळे वजन तीन ठिकाणी रबरावर बसते: पुढे इंजिनाच्या दोन्ही बाजूंना एकेक आणि मागे गिअरबॉक्सखाली एक. गिअरदांडा स्टिअरिंगच्या नळीवर, म्हणजे बॉडीला पक्का बसवलेला असतो, आणि तो ज्याला हलवतो तो गिअरबॉक्स मात्र रबरावर डोलत असतो. त्यामुळे रबर दबून चपटे झाले, म्हणजेच ‘बसले’, की मधल्या दांड्यांचा मेळ बिघडतो, आणि लोक बिचाऱ्या गिअरबॉक्सला दोष देत बसतात.

खात्री करण्यासाठी मोकळ्या जागेत हँडब्रेक ओढून, चाकांना दगड लावून, जाणत्या माणसाला आत बसवावे आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी किंचित सोडायला सांगावा. आपण बाजूला उभे राहून पाहावे, गाडीच्या पुढे किंवा मागे कोणीही उभे राहू नये. इंजिन एका बाजूने उचलले जाऊन पुन्हा आदळत असेल, तर त्या बाजूचे रबर प्लेटेपासून सुटलेले असते. रिव्हर्समध्ये हेच करून पाहिले की दुसरी बाजू कळते. त्यानंतर इंजिन बंद करून चेंबरखाली, म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या भांड्याखाली, रुंद लाकडी फळी घालावी आणि जॅकने हलकेच, बोटभर उचलावे. वजनाखाली दबून सांधलेले दिसणारे रबर तेव्हा तोंड उघडते. चेंबरचा पत्रा पातळ असतो, त्यामुळे फळी न घालता जॅक लावला तर तो आत चेपतो.

आता बदलण्याविषयी. बॅटरीची तार काढून, सायलेन्सरच्या पुढच्या पाइपाचा क्लॅम्प आणि अ‍ॅक्सिलरेटरचे लिंकेज सैल करून मगच इंजिन उचलावे, नाहीतर रबर सोडवण्याच्या नादात पाइप तडकतो. रेडिएटरच्या होजवर ताण येत असेल तर तोही काढावा. जुने फाउंडेशन निघाले की ब्रॅकेट तारेच्या ब्रशने साफ करून त्याला चीर गेली आहे का आणि बोल्टची भोके लांबट झाली आहेत का, हे पाहावे. सैल फाउंडेशनवर बरीच चाललेल्या गाड्यांमध्ये हे हमखास आढळते. तिन्ही रबरे एकदमच बदलावीत, कारण दोन नवी आणि एक बसलेले असेल तर इंजिन तिरके राहते आणि नव्यांवर नको तो भार येतो. सगळे नट आधी हातानेच लावावेत, इंजिन पूर्ण खाली सोडून काही मिनिटे चालू ठेवावे, म्हणजे ते आपली जागा घेते, आणि बंद केल्यावर पक्के आवळावे. दोनशे-तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना फिरवावा.

बसलेल्या रबराखाली टायरचा तुकडा किंवा वॉशर घालून उंची भरून काढण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. आवाज चार दिवस थांबतो खरा, परंतु इंजिनाचा कल बदलतो, मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर (सांध्यावर) वाकडा जोर येतो आणि पुढे तोही बदलावा लागतो.

एक गोष्ट मात्र सर्वांत आधी पाहावी, ती म्हणजे रबर कशाने गेले. इंजिनाच्या माथ्यावरील टॅपेट कव्हरच्या गॅस्केटमधून झिरपणारे तेल ब्लॉकवरून ओघळत फाउंडेशनवर येते, आणि नैसर्गिक रबर तेलात फुगून खव्यासारखे मऊ होते. ती गळती बंद न करता नवे रबर बसवले तर तेही फार टिकणार नाही.

नाना_पेठकर:

पुण्यात नाना पेठेत आणि मुंबईत ऑपेरा हाऊसच्या बाजूला स्पेअरच्या दुकानांत विचारून पाहावे. काळ्या-पिवळ्या पद्मिनी रस्त्यावर होत्या तोवर ही रबरे कोपऱ्यावरही मिळायची. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी सेवेतून गेल्यापासून दुकानदारांनाही ती फारशी ठेवावीशी वाटत नाहीत. जुना न विकलेला माल नवा म्हणून सहज गळ्यात मारला जातो, म्हणून घेताना रबर बाजूने वाकवून पाहावे. बारीक जाळीसारख्या भेगा दिसल्या, तर डबा कितीही कोरा असला तरी घेऊ नये, कारण रबर न वापरताही म्हातारे होते.

चांगला नग मिळाला नाही तर जुन्या प्लेटांवर रबर चढवून घ्यावे. प्लेटा वाळूच्या माऱ्याने साफ करून, चिकटद्रव्य लावून, साच्यात दाबाखाली सुमारे १५० अंशांवर रबर पक्के करणारा मोल्डिंगवाला गाठावा. नुसता सोल्युशन लावून तुकडा चिकटवणाऱ्याकडे जाऊ नये. कडकपणा ५० ते ६० शोअर ए (रबराचा कडकपणा मोजण्याचे माप) च्या दरम्यान मागावा. मोजमाप घेण्यासाठी त्यातल्या त्यात कमी बसलेला नमुना द्यावा, नाहीतर बसलेल्या उंचीचाच साचा तयार होतो.

घाटमाथा:

पॉलियुरेथेनविषयी माझे मत प्रतिकूल आहे. तेलाला ते दाद देत नाही, हे खरे. परंतु कडक मालाचे केले तर इंजिनाची प्रत्येक थरथर थेट पत्र्यात उतरते, आणि पद्मिनीच्या पत्र्याला मुळातच खुळखुळण्याची हौस आहे. शर्यतीची गाडी असती तर गोष्ट वेगळी.

सातारकर_पद्मिनी:

सर्वांचे आभार. फिटरकाकांनी सांगितल्याप्रमाणे रविवारी पाहणी केली. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरांत जवळजवळ सारखे आले, त्यामुळे बोअरिंगचा विषय संपला. जॅक लावताच एक्झॉस्टच्या बाजूचे फाउंडेशन प्लेटेपासून पूर्ण सुटले आणि मधल्या फटीत माझी किल्ली आरपार गेली. रबर नखाने खरवडले तर काळा लगदा हाताला लागला. वर पाहिले तर टॅपेट कव्हरचे गॅस्केट मागच्या कोपऱ्यात तेलाने ओले होते. गॅस्केट बदलले आहे आणि तिन्ही प्लेटा रबर चढवण्यासाठी दिल्या आहेत. इंजिन तोवर लाकडी ठोकळ्यांवर टेकवून ठेवले आहे.

जुना_फिटर:

उत्तम. ठोकळे आहेत तोवर इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थची पट्टीही पाहून घ्यावी. फाउंडेशन रबराचे असल्यामुळे वीज त्यातून परत जात नाही, आणि पट्टी तुटली असेल तर स्टार्टरचा करंट चोकच्या तारेतून वाट काढतो. चोकची मूठ स्टार्ट मारताना कधी गरम लागली होती का?

सातारकर_पद्मिनी:

लागत होती! मला वाटायचे, इंजिनाचीच उष्णता असेल. आत्ताच खाली वाकून पाहिले. पट्टीचे एक टोक नुसतेच लोंबते आहे.