चलनात आहे म्हणून अंगावर घ्यायचेच काय?

काळीमाती (शिक्षिका, राळेगाव तालुका, यवतमाळ जिल्हा) :

गेल्या काही वर्षांत आमच्या गावात कपड्यांच्या ज्या नव्या तऱ्हा आल्या, त्यांपैकी काही मी ठरवून नाकारल्या आहेत आणि प्रत्येक वेळी मला "मॅडम, जरा जमान्यासोबत चाला" असा सल्ला मिळाला आहे. नाकारणे म्हणजे मागे राहणे, असे या सल्ल्यात गृहीत धरलेले असते आणि नेमके तेच मला मान्य नाही. माझी कारणे मांडते. ज्यांना ती पटणार नाहीत त्यांनी सविस्तर विरोध करावा.

पहिली फाटकी जीन्स. १८७३ साली अमेरिकेत जेकब डेव्हिस या शिंप्याने आणि लेव्ही स्ट्रॉस या कापडव्यापाऱ्याने खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याचे रिव्हेट ठोकण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले, ते कष्टकऱ्यांच्या विजारी फाटू नयेत म्हणून. आज तेच कापड कारखान्यात घासून, विटवून, गुडघ्यावर फाडून जास्त किमतीला विकले जाते. विटका रंग आणण्यासाठी कापडावर दाबाने वाळूचा मारा करण्याची पद्धत होती. त्या धुळीमुळे तुर्कस्तानातील अनेक तरुण कामगारांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा असाध्य आजार जडला आणि २००९ मध्ये त्या देशाला ती पद्धत बंद करावी लागली. ज्या गावात खाकी चड्डीला मागून ठिगळे लावून शाळेत गेलेली पिढी अजून हयात आहे, त्या गावात फाडलेली विजार पैसे मोजून आणावी, हे मला पाहवत नाही. माझ्या वर्गातील काही मुलांच्या कपड्यांना आजही भोके असतात आणि ती त्यांनी हौसेने पाडलेली नसतात.

दुसरे म्हणजे उन्हाळ्यातले पॉलिएस्टर. हवेत मध्यम दमटपणा असताना सुती धागा आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरतो, तर पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि आमच्याकडेही फार वेगळी स्थिती नसते. अशा दिवसांत घाम न शोषणारा पॉलिएस्टर जॉर्जेटचा पोशाख घालून मांडवात बसणे म्हणजे शरीराला शिक्षा आहे. ज्या जिल्ह्याचे शेत कापसाने पांढरे होते, त्याच जिल्ह्याच्या बाजारात साधी सुती साडी शोधावी लागते, याचे मला दुःख आहे.

तिसरा नकार मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि तो हळदीच्या पिवळ्या पोशाखाला आहे. पूर्वी हळद खेळायला जाताना बायका मुद्दाम जुने पातळ नेसत, कारण हळदीचा डाग साबणाने जाण्याऐवजी लालसर होतो आणि उन्हात वाळवत ठेवले तरच हळूहळू फिकटतो. आता पत्रिकेसोबत मोबाइलवर निरोप येतो की हळदीला सर्वांनी पिवळे, मेहंदीला हिरवे आणि स्वागत समारंभाला अमुक रंग. छायाचित्रे सुंदर येतात, हे खरे आहे. परंतु किलोमागे मिळणाऱ्या वेचाईवर ज्या घराचा हिवाळा निघतो, त्या घरातील बाईने चुलत नणंदेच्या हळदीसाठी नवी साडी आणायची, पुन्हा कधी न नेसता ती पेटीत ठेवायची आणि पुढच्या लग्नात तीच साडी दिसली तर बोलणी ऐकायची, हे कशासाठी? पिवळी साडी नाही म्हणून हळदीला न येता थेट लग्नाच्या अक्षतांना येणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. ज्या कपड्याने माणूस मांडवाबाहेर राहतो, तो कपडा मी घालणार नाही. मी हळदीला माझी नेहमीची निळी सुती साडी नेसून जाते.

निर्गुडाकाठ (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, वणी) :

मॅडम, आपला शेवटचा मुद्दा मला मान्य आहे, परंतु आपण ज्या सहजतेने "मी नाकारले" असे म्हणता, ती सहजता आमच्या वाट्याला येत नाही. गावात एखादी फॅशन नाकारली जाते, तेव्हा ती बहुतेक वेळा कोणीतरी दुसऱ्यासाठी नाकारलेली असते. भावाने गुडघ्यावर फाटलेली जीन्स घातली तर घरात एखादे वाक्य बोलले जाते आणि विषय संपतो. मी न फाटलेली, साधी जीन्स घालून एस.टी.च्या थांब्यावर उभी राहिले तरी सायंकाळपर्यंत ती बातमी आजीपर्यंत पोहोचते. आपली कामगारांविषयीची कळकळ खरी आहे, पण जे लोक आम्हाला जीन्सवरून बोलतात, त्यांच्या बोलण्यात तुर्कस्तानातले कामगार कधीच नसतात.

शिवाय आज जे "आपले" म्हणून सांगितले जाते, तेही कधीतरी नवेच होते. नऊवारी सोडून गोल पातळ नेसणाऱ्या पहिल्या सुनांना सासवांनी नावे ठेवली. पुढे त्याच सुना सासवा झाल्या तेव्हा त्यांनी पंजाबी ड्रेसला नावे ठेवली. आता पंजाबी ड्रेस सोज्वळ ठरला आहे आणि जीन्स वाईट ठरली आहे. मला जीन्स आवडते, कारण तिला मोबाइल मावेल असा खिसा आहे, तिच्यावर ओढणी सांभाळावी लागत नाही आणि गाडीच्या चाकात अडकेल असे तिचे काही लोंबत नाही. फाटकी जीन्स मलाही आवडत नाही, परंतु ती आवडणाऱ्या मैत्रिणीला मी अडवणार नाही. तिच्या अंगावर काय असावे, हे गावाच्या आठवणींवरून ठरू नये.

धोतरपान (शेतकरी, बाभूळगाव) :

मी धोतर, सदरा आणि खांद्यावर दुपट्टा एवढेच वापरतो. मुलाने लग्नात सफारी शिवून दिली होती, ती मी नेसूच शकलो नाही, परत केली. माझ्या नातीने काय घालावे, हे मी तिला कधी सांगितले नाही आणि सांगणार नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसात राहू शकतात, एवढेच नमूद करतो.

खराटा (अमरावती जिल्हा) :

मूळ लेखातील एका विधानाला माझा विरोध आहे. फाटक्या कपड्यांकडे लेखिका केवळ गरिबीची खूण म्हणून पाहतात. याच अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी चिंध्यांचा अंगरखा आयुष्यभर अंगावर वागवला आणि खराटा हाती घेऊन गावेच्या गावे झाडली. गांधीजींनी १९२१ च्या सप्टेंबरमध्ये मदुराई येथे पूर्ण पोशाख सोडून पंचा स्वीकारला आणि १९३६ मध्ये ते वर्ध्याजवळच्या सेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला आले, तेही त्याच वेशात. त्या काळातील प्रतिष्ठित लोकांना हे वेश विचित्रच वाटले असतील. कपड्याने समाजाला टोचावे, प्रश्न पडायला लावावेत, हीसुद्धा पोशाखाची एक जुनी आणि आदरणीय रीत आहे. आजच्या मुलाला विजारीच्या फाटक्या गुडघ्यातून काही सांगायचे असेल, तर ते ऐकून घेण्याआधीच आपण त्याला गरिबीचा अपमान करणारा ठरवू नये.

काळीमाती :

खराटा, आपले उदाहरण मोठे आहे आणि म्हणूनच ते इथे लागू होत नाही, असे मला वाटते. गाडगेबाबांच्या चिंध्या इतरांनी टाकलेल्या कापडाच्या होत्या. त्या कोणी कारखान्यात तयार करून त्यांना विकल्या नव्हत्या. टाकलेले कापड वापरात आणणे आणि चांगले कापड वापराआधीच झिजवणे यांत मला एकमेकांच्या उलट वृत्ती दिसतात. मुलाला काही सांगायचे असेल तर मी जरूर ऐकेन. मी ज्या मुलांना विचारले, त्यांनी दुकानात तशीच मिळाली असे सांगितले.

शिवणघर (शिंपीण, दारव्हा) :

मी लोकांचे कपडे शिवते, त्यामुळे माझे मत कापडावरून बनलेले आहे. मॅडमनी पॉलिएस्टरबद्दल जे आकडे दिले ते बरोबर असतील, परंतु ज्या बाईकडे रोजच्या वापराच्या मोजक्याच साड्या आहेत, तिचा हिशेब वेगळा असतो. सुती साडीला खळ लागते, इस्त्री लागते, पहिल्या काही धुण्यांत रंग जातो आणि पावसाळ्यात ती दोन-दोन दिवस वाळत नाही. सिंथेटिक साडी रात्री धुऊन दोरीवर टाकली की सकाळी अंगावर घेता येते आणि तिला पाणीही कमी लागते. विहिरी तळाला गेलेल्या महिन्यांत हा फार मोठा फायदा आहे. कापूस वेचायला जाणारी बाई साडीवर नवऱ्याचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट चढवते, कारण वाळलेल्या बोंडाची टोके हात ओरबाडतात. तो शर्ट बहुतेक टेरिकॉटचा असतो, कारण तोच टिकतो. त्यामुळे कापूस वेचणाऱ्या बाईच्या अंगावर कापूसच असावा, हा आग्रह मला तिच्या सोयीचा वाटत नाही. उन्हाळ्यात सुती घालावे हे मलाही मान्य आहे, पण मग ते स्वस्त आणि पक्क्या रंगाचे मिळाले पाहिजे.

आणखी एक गोष्ट इथे कोणी मांडली नाही, ती म्हणजे गाऊन. आमच्या भागात जो नवा कपडा खरोखर घरोघरी पोहोचला, तो जीन्स नसून गाऊन आहे. रात्री घालण्याचा म्हणून आलेला हा कपडा बायकांनी दिवसाही घालायला सुरुवात केली, वरून एक ओढणी घेतली आणि त्यातच सडासारवण, चुलीचे काम, दळणाला जाणे, नळावरचे पाणी भरणे सुरू केले. सुरुवातीला त्यालाही नावे ठेवली गेली. काही घरांत आजही सासरा बाहेरच्या खोलीत असला की सून साडी नेसते. तरीही गाऊन टिकला, कारण बाळंतिणीला तो सोयीचा आहे, उकाड्यात तो सैल आहे आणि बहुतेक सुतीच असतो. माझ्याकडे येणाऱ्या बायका त्याला दोन्ही बाजूंनी खिसे लावून मागतात आणि लेकराला पाजण्यासाठी पुढे चेन मागतात. कोणत्याही छायाचित्रासाठी हा कपडा आलेला नाही. मी स्वतः गाऊन घालून दुकानात बसत नाही, पण त्याला वाईट म्हणणाऱ्यांशी मी भांडते.

आणि शिवून घेतलेल्या कपड्यात आम्ही शिवणीत माया ठेवतो, म्हणजे अंग भरले तर कपडा उसवून मोठा करता येतो. हल्लीच्या तयार कपड्यांत ही माया जवळजवळ नसतेच. असे कपडे मी माझ्या मुलांसाठी घेत नाही. माझा नकार एवढाच आहे.

धोटा (मोहाडी, भंडारा जिल्हा) :

इथे सर्वांनी सोय, किंमत आणि घाम यांवरच भर दिला आहे. कपड्याला हौस नावाचे एक कारण असते आणि ते दुय्यम नाही. आमच्या भागात टसरची करवतकाठी साडी विणली जाते. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढवलेल्या अळ्यांच्या कोशांतून हे रेशीम मिळते. काठाचा आणि अंगाचा रंग एकमेकांत न मिसळता जोडला जावा म्हणून तीन धोटे, म्हणजे मागावर आडवा धागा नेणारी साधने, चालवावे लागतात आणि करवतीच्या दात्यांसारखी नक्षी हाताने उतरवावी लागते. या साडीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. सोयीच्या हिशेबाने पाहिले तर ही साडी कोणी घेऊच नये. ती महाग आहे, जपावी लागते आणि वर्षातून एखाद्या वेळी नेसली जाते. तरीही ती नेसणारी बाई काहीतरी जिवंत ठेवते, असे मी मानतो.

म्हणून हळदीच्या पिवळ्या रंगाकडेही मी इतक्या कठोरपणे पाहत नाही. ज्या बायकांना आयुष्यभर अंगावरचा रंग स्वतः निवडता आला नाही, त्या चारचौघी मिळून दुकानात जातात, पन्नास साड्या उलगडायला लावतात, एकसारखे नेसून एकत्र उभ्या राहतात आणि ते छायाचित्र वर्षानुवर्षे जपतात. हा आनंद मॅडमनी आपल्या लेखात एका वाक्यात उरकला आहे. तो याहून मोठा आहे.

काळीमाती :

धोटा, त्या आनंदाला माझा विरोध नाही. चौघींनी आपसांत ठरवून एकसारखे नेसावे, मी त्यांचे छायाचित्र काढून देईन. माझा विरोध यजमानांनी पाहुण्यांना पाठवलेल्या निरोपाला आहे, कारण तिथे निवड करणारी एक असते आणि खर्च करणाऱ्या शंभर असतात. तुमच्या मोहाडीची साडी कोणी सक्तीने नेसायला लावली असती, तर तिची हौसही राहिली नसती.

निर्गुडाकाठ :

मॅडम, आता सक्तीचाच मुद्दा आला आहे, म्हणून थेट विचारते. मार्च २०२४ मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने शिक्षकांसाठी पेहरावाच्या सूचना काढल्या. महिलांनी साडी किंवा ओढणीसह सलवार-कुर्ता घालावा, पुरुषांनी शर्ट-पँट घालून शर्ट आत खोचावा आणि जीन्स, टी-शर्ट किंवा ठळक नक्षीचे कपडे घालू नयेत, असे त्यांत सांगितले होते. हळदीचा निरोप नाकारणाऱ्या आपण हा निरोप नाकारलात काय?

काळीमाती :

योग्य प्रश्न आहे. नोकरीच्या जागी काही शिस्त असावी, हे मी मान्य करते, कारण तिथे मी पगार घेऊन उभी असते आणि हळदीला मी नातेवाईक म्हणून गेलेली असते. मात्र नक्षीवरची बंदी मला अनावश्यक वाटली आणि मी तसे शाळेच्या बैठकीत उभे राहून सांगितले. पहिलीची मुले माझ्या साडीवरची फुले आणि मोर मोजून अंक शिकतात. त्या साड्या मी बंद केलेल्या नाहीत.

निर्गुडाकाठ :

आपण बैठकीत बोललात, हे मला आवडले. तरीही पगार आणि नाते हा भेद मला पटत नाही. पुढच्या वर्षी मी बी.एड. करणार आहे. माझ्या नोकरीच्या गावाला दिवसातून दोनच एस.टी. असल्या, तर मला गाडीनेच जावे लागेल, आणि तेव्हा ओढणी सांभाळत गाडी चालवावी असे सांगणारा आदेश आणि पिवळी साडी आणा असे सांगणारा निरोप यांत मला अंगावर घेण्याजोगे एकही दिसणार नाही. मी जीन्सवर लांब सुती कुर्ता घालून वर्गात उभी राहीन आणि ज्यांना आक्षेप असेल त्यांनी माझ्या शिकवण्यातला दोष दाखवावा.